औषध मारलं का?

१

हिरामण गेला तो सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी, दिवेलागणीच्या सुमारास. सायखेड्याच्या अलीकडे गोरक्षनानांची द्राक्षबाग आहे. तिथं सुरगाण्याकडून छाटणीला आलेली मजुरांची टोळी दिवसभराचं काम आटोपून खोपटांपुढं बसली होती. हिरामणच्या थोरल्या बहिणीनं, चांगुणानं, गावाकडून आणलेली मोहाची दारू ओतली. चौदा जण प्यायले. अर्ध्या तासात त्यांतले दहा जण आडवे झाले. तोंडं लालबुंद, छातीत धडधड, धाप आणि ओकाऱ्या. नऊ जण सकाळपर्यंत उठून बसले. हिरामण मात्र पिंपळगावच्या रस्त्यावर टेम्पोतच गेला.

बहिणीनंच भावाला विष पाजलं, असा बोभाटा झाला. पोलिसांनी चांगुणाला धरलं. दारूच्या नमुन्यात काही सापडलं नाही तेव्हा लोक म्हणाले, खराब दारू तिनं आधीच ओतून दिली असणार. मग उरला एकच वजनदार कागद, डॉ. उज्वला गायधनी यांचा अहवाल. त्यात लिहिलं होतं, ‘दारूतील भेसळ हे कारण संभवते.’ त्यातला ‘संभवते’ सगळ्यांनी गिळून टाकला आणि भेसळ तेवढी शिल्लक ठेवली.

उज्वलाताई म्हणजे नाशिकातलं बडं प्रस्थ. एकाच कामावरची माणसं एकाच दुखण्यानं का पडतात, हे घरोघर विचारून, आकडे मांडून शोधणं हा त्यांचा धंदा. तरुणपणी त्यांनी सातपूरच्या कारखान्यांत पाच वर्षं घालवली आणि ग्राइंडिंगच्या धुळीनं कामगारांची फुप्फुसं कशी झिजतात ते सिद्ध करून दाखवलं. मालकांना पंखे बसवावे लागले ते त्यांच्यामुळे. बावीस विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले आणि बावीसही जणांना त्यांचा एक नियम झोपेतून उठवलं तरी म्हणता येई: फॉर्ममधला प्रश्न छापलाय तसाच विचारायचा. शब्द बदलला की आकडा नासला.

तेविसावी विद्यार्थिनी तृप्ती अहिरे. सटाण्याची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. सप्टेंबर संपता संपता, म्हणजे हिरामणला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा, एका शुक्रवारी ती बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. बागायती मजुरांच्या आरोग्यावर तिचा प्रबंध चालला होता आणि त्यासाठी तिनं गेल्या वर्षीचे फॉर्म पुन्हा काढले होते.

“मॅडम, हा तक्ता खरा धरला तर औषध मारणं तब्येतीला चांगलं आहे.”

उज्वलाताईंनी चष्मा चढवला. द्राक्षाच्या मुलखात औषध मारणं म्हणजे वेलींवर फवारणी करणं. प्यायलेल्या चौदांपैकी चार जण ठणठणीत राहिले होते. त्या चौघांच्याही पुढे ‘आठवड्याभरात औषध मारलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ होतं. आडव्या झालेल्या दहांच्या पुढे ‘नाही’. हिरामणच्या पुढेसुद्धा, त्याच्या सोबत्यांनी सांगितलेलं, ‘नाही’. शिवाय तक्त्याच्या तळाशी एक अकरावी आजारी बाई होती, मंगलाबाई. तिची नोंद तर साफ उलटी होती. दारू नाही, औषध हो, आणि तरीही आजारी.

समासात उज्वलाताईंच्याच अक्षरात एक शब्द होता, ‘योगायोग’. गेल्या वर्षी त्यांना घाई होती.

“योगायोग एवढा शिस्तीत नसतो,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. विष कोणतंही असो, कीटकनाशक हाताळणारा वाचतो आणि न हाताळणारा पडतो, हे त्यांच्या उभ्या कारकिर्दीत त्यांनी पाहिलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोक्यात ती जुनी गोड खाज सुटली.

“अजून एक आहे,” तृप्ती म्हणाली. “चांगुणाबाईच्या वकिलांचा फोन आला होता. मंगळवारी तारीख आहे. ती गुन्हा कबूल करणार म्हणतेय. माझ्या हातचं पिऊन भाऊ गेला, म्हणजे मीच मारला, असं धरून बसलीय.”

२

मधे तीनच दिवस होते. उज्वलाताईंनी आधी ठणठणीत राहिलेल्यांचा म्होरक्या धरला. मल्हारी त्याचं नाव. नानांच्या बागेत ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून औषध मारणारा हा गडी. हिरामण गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गावातून नाहीसा झाला आणि सातपूरच्या एका वर्कशॉपात लागला; त्याचं ‘हो’ही त्याच्या सोबत्यांनीच सांगितलं होतं. पळणाऱ्याच्या पायात काहीतरी रुतलेलं असतं, असं बाईंचं मत. मडकी दोन असतील, एक मजुरांसाठी आणि एक ओळखीच्यांसाठी, आणि ते मल्हारीला ठाऊक असेल, असा त्यांचा तर्क चालला होता.

सातपूरच्या त्या गल्लीत त्या शिरल्या तर पहिल्याच शेडमधला एक म्हातारा कामगार मशीन बंद करून उभा राहिला. बाईंनी वीस वर्षांपूर्वी त्याच्या छातीचा फोटो काढवला होता. त्यांनी त्याची विचारपूस केली, तो किती पायऱ्या चढून दमतो ते विचारलं आणि मगच पुढे गेल्या. तृप्ती हे सगळं टिपून घेत होती.

मल्हारी लेथवर होता. शिफ्ट सुटेपर्यंत थांबा म्हणाला, मग मालकानंच त्याला बाहेर पिटाळलं. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्यानं दोन मडक्यांचा तर्क एका वाक्यात फोडला.

“मडकं एकच होतं, बाई. पेला बी एकच फिरत होता. पहिला घोट माझा.”

मग का पळालात, असं विचारल्यावर तो लालेलाल झाला. नाना माळकरी. त्यांच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नाही. कामावर ठेवताना त्यांनी मल्हारीला तुळशीच्या माळेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. हिरामण मेल्यावर कोणकोण प्यायलं याची यादी होणार, नाव वाचलं जाणार. नानांना तोंड कसं दाखवायचं? म्हणून तो पळाला. खुनाचा संशय परवडला, पण शपथ मोडल्याची लाज नको, असा त्याचा हिशेब. उज्वलाताईंना हसू आलं आणि त्याचा विश्वासही वाटला.

मग तो आपणहून बोलू लागला. हिरामणनं दुसरा पेला तोंडाला लावला नि म्हणाला, छातीत घोडा उधळलाय. तोंड असं लाल की भट्टीपुढं बसलाय. आणि गंमत म्हणजे त्याच मडक्यातली दारू हीच सगळी माणसं आदल्या रविवारीही प्यायली होती. हिरामण तर तेव्हा नाचला होता. कुणाला काही झालं नव्हतं.

म्हणजे रविवार ते बुधवार या तीन दिवसांत काहीतरी बदललं होतं. दारू बदलली नव्हती. उज्वलाताईंनी चहाचा ग्लास तसाच ठेवला.

“दुसरं काही दिसलं का तुम्हाला?”

मल्हारीनं इकडंतिकडं पाहिलं. “सकाळी गाव सोडताना नाना दिसले. शेडच्या मागं खड्डा खणत होते. काय पुरलं ते नाही बघितलं.”

३

रविवारी दोघी सायखेड्याच्या वाटेला लागल्या. रस्त्याकडेच्या बागांतून कात्र्यांचा आवाज येत होता. छाटणीचा हंगाम लागला होता.

गोरक्षनाना पन्नाशीचे, कपाळी बुक्का, गळ्यात माळ, बोलणं मऊ. हिरामणशी त्यांचं वाजलं होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बागेत दारू आणलीस तर टोळीच बदलीन, असं त्यांनी त्याला चारचौघांत बजावलं होतं. त्यानंतर आठ दिवसांत तो मेला. उज्वलाताईंनी हे सरळ विचारलं. नानांनीही सरळ सांगितलं, बोललो होतो, पुन्हा बोलेन, पण माणूस मारायला माळ घातली नाही.

“शेडच्या मागं काय पुरलंत?”

नानांनी चहाचा कप बशीत ठेवला. “डबे.”

“औषधाचे?”

“नाही. औषधाचे डबे शेडात आहेत. चला, मोजून घ्या.”

शेडात डबे खरोखरच ओळीनं लावलेले होते आणि भिंतीला औषधांची वही टांगलेली होती. कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, सगळं नानांच्या वळणदार अक्षरात. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर काढला तर छाटणीच्या आठवड्यात एकही नोंद नाही.

“छाटणी झाली की बाग नागडी होते, डॉक्टरीणबाई,” नाना म्हणाले. “पान नाही तिथं औषध कशावर मारणार?”

मग त्या चौघांपुढे ‘हो’ का आलं? कारण वर्षभर तेच त्यांचं काम. औषध मारता का, असं कुणी विचारलं तर हात वर करायची सवय. आठवड्याभरात हा शब्द त्यांनी ऐकलाच नव्हता. उज्वलाताईंच्या पायाखालचं एक फळकूट सरकलं. तक्त्यातले चार ‘हो’ पोकळ निघाले होते. तृप्ती काहीतरी बोलायला आली आणि गप्प बसली. ते बाईंच्या लक्षात आलं, पण त्यांचं सगळं ध्यान नानांवर होतं.

“मग ते पुरलेले डबे कशाचे होते?”

“तुम्ही विचारलंत औषधाचे का, मी नाही म्हणालो. त्यात खोटं असेल तर ही माळ काढून ठेवीन,” असं म्हणून नाना उठले. बागेत काम आहे म्हणाले आणि चालू लागले.

उज्वलाताईंनी त्यांच्या पाठीकडं पाहिलं. माणसाच्या तोंडून खोटं निघालं नव्हतं. पण खरं सांगताना कुणी अशी पाठ फिरवत नाही.

४

उरली मंगलाबाई. ती यंदाही त्याच बागेत आली होती. पाटापलीकडच्या खोपटाशी बसून ती नागलीचं पीठ चाळत होती आणि मधूनच खोकत होती. तृप्तीला तिनं ओळखलं, बसायला पोतं टाकलं.

उज्वलाताईंनी वर्षापूर्वीचा तिचा फॉर्म मांडीवर घेतला. दारू नाही, औषध हो, आजारी. त्यांना वाटत होतं, बाई लाजेनं प्यायलेलं लपवतेय. त्यांनी शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं.

“थेंब बी नाय घेतला,” मंगलाबाई म्हणाली. “लेकरू अंगावर पीत व्हतं माझं.”

“मग तुमचं तोंड लाल कशानं झालं?”

“औषधानं.”

“कोणत्या ओळीत मारलं औषध?”

मंगलाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. “मारलं नाय, बाय. प्याले. खोकल्याचं.”

उज्वलाताई फॉर्मकडं बघत राहिल्या. तिथं त्यांचाच प्रश्न होता, त्यांचाच शब्द होता आणि त्याच्यापुढं या बाईचं अगदी प्रामाणिक ‘हो’ होतं. ‘मारलं’ तिनं मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं होतं. शहरातल्या बाईची भाषा अशीच वाकडी असायची, असं तिला वाटलं असावं.

खोपटातून तिनं बाटली आणून दाखवली. गेल्या साली गावातल्या डॉक्टरनं दिलं होतं, तेच यंदाही दिलंय. तेव्हा दोन झाकणं घेतली आणि हिरामणभाऊसारखंच झालं, तोंड पेटलं, काळीज उडायला लागलं. बाटलीच्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, त्यात अल्कोहोल आहे.

“आणि आता? यंदा घेता तेव्हा काही होतं?”

“रोज घेते. काय बी नाय होत.”

दारूसारखंच झालं म्हणायचं! रविवारी बिनघोर, बुधवारी जीवघेणी. गेल्या वर्षी बाटली अंगावर आली, यंदा तीच बाटली गुणाची. उज्वलाताई पोत्यावर पुढे सरकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फॉर्म उलटा करून ठेवला आणि छापलेलं काहीही न विचारता साधं विचारलं, “मंगलाबाई, त्या आठवड्यात सोमवारपासून तुम्ही काय काम करत होतात?”

“पेस्ट लावत व्हतो.”

“पेस्ट म्हणजे?”

मंगलाबाईनं दोन्ही हात पुढं केले. छाटलेल्या काडीवर कोंब येतात त्या डोळ्यांना ते लावायचं असतं, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. डब्यातलं पाण्यात कालवायचं, स्पंजचा तुकडा बुडवायचा नि एकेक काडी मुठीतून ओढायची. दिवसभर हात ओले. हिरामणभाऊ, मी, सगळी टोळीच. मल्हारीची माणसं नाय, ती मशिनीवाली. त्यांचं औषध निराळं.

“पेस्ट हे औषध नाही?”

“औषध मारत्यात. पेस्ट लावत्यात,” मंगलाबाई लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली. “उद्यापास्नं यंदाची लावायची हाय.”

५

उज्वलाताई तिथून तडक नानांकडे गेल्या. ते बांधावर एकटेच उभे होते.

“नाना, पेस्टचे डबे पुरलेत का?”

“हो,” नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला. योग्य प्रश्नाची ते वर्षभर वाट बघत असावेत.

दुकानदारानं डबे देताना सांगितलं होतं, पेस्ट लावणाऱ्यांना पिऊ देऊ नका, त्रास होतो. नाना म्हणाले होते, माझ्या बागेत दारूचं नाव निघत नाही. जी गोष्ट आपल्याकडं नाहीच, ती मजुरांना सांगायची कशाला? सांगायचं तर आधी ते पितात हे मान्य करावं लागणार, आणि मालकानं मान्य केलं की ती एक प्रकारे परवानगीच. हिरामण गेला तेव्हा त्यांना दुकानदाराचं बोलणं आठवलं. खात्री नव्हती. खात्री करून घ्यायचं धाडसही नव्हतं. डबे डोळ्यांसमोर नकोत म्हणून पुरले.

“मला त्या चांगुणाबाईचं वाईट वाटायचं,” ते म्हणाले. “पण तुमच्यासारख्या मोठ्या डॉक्टरनं दारूच म्हटल्यावर वाटलं, दारूच असेल. बरं वाटलं मला तेव्हा. खरं सांगतो.”

उद्यासाठी आणलेला नवा निळा डबा त्यांनी शेडातून काढला. उज्वलाताईंनी तो उजेडात धरून द्रव्याचं नाव वाचलं. सायनामाइड.

त्या बांधावरच बसल्या. दरवर्षी जुलैत औद्योगिक आरोग्याच्या तासाला त्या एक मजेदार गोष्ट सांगत. शतकाच्या सुरुवातीला युरोपात सायनामाइडच्या कारखान्यातले कामगार काम सुटल्यावर बिअर प्यायले की लालबुंद होऊन लटपटत. मुलं हसत. वीस वर्षं त्या ही गोष्ट सांगत होत्या आणि त्यांच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर माणसं तेच द्रव्य मुठीत धरून काड्यांना लावत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा त्यांनी युरोपभर घातला होता.

आता सगळं सुतासारखं सरळ लागत होतं. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं विष करतं आणि मग त्या विषाचा निचरा करतं. सायनामाइड अंगात मुरलं की तो निचराच बंद पडतो. रविवारी दारू होती, पेस्ट नव्हती, म्हणून नाच झाला. सोमवारपासून पेस्ट आली आणि बुधवारी दोघींची गाठ पडली. मल्हारीच्या चौघांकडं दारू होती पण पेस्ट नव्हती. मंगलाबाईकडं पेस्ट होती आणि दारू तिच्या खोकल्याच्या बाटलीत लपून आली होती. एकटी कुणीच गुन्हेगार नव्हती. हिरामणचं काळीज कदाचित आधीच कच्चं असेल, किंवा त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त घेतली असेल.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” त्या म्हणाल्या. “तृप्ती, तू सटाण्याची. तुझ्या वडिलांची बाग आहे. पेस्टला औषध म्हणत नाहीत, हे तुला ठाऊक होतं?”

तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या वर्षी हे फॉर्म तिनंच भरून घेतले होते.

“मी तुम्हाला फोन केला होता, मॅडम. औषधाऐवजी काय काम केलं असं विचारू का, म्हणून. तुम्ही म्हणालात, शब्द बदलायचा नाही. मग मला वाटलं, तुम्ही म्हणताय तर त्यात काहीतरी कारण असणार.”

तो फोन उज्वलाताईंना आठवला. अर्धं मिनिटसुद्धा चालला नव्हता. आणि तो शब्दही आठवला. एक्क्याण्णव साली पहिला बागायती फॉर्म करताना ‘रसायन’ खोडून ‘औषध’ त्यांनीच घातलं होतं. लोकांचा शब्द वापरला म्हणून पुण्याच्या परिषदेत टाळ्या घेतल्या होत्या. लोकांचा शब्द घेतला, पण लोक तो कुठं वापरतात नि कुठं नाही, हे विचारायचं राहून गेलं. त्यांना इतकी लाज वाटली की तृप्तीकडं बघवेना.

“ऐक,” शेवटी त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. तुझं एवढंच चुकलं की तू माझं ऐकलंस. पुन्हा कुणाचं ऐकू नकोस. आता उठ, उद्यापासून पेस्ट सुरू होतेय.”

६

नानांनी त्याच क्षणी उद्याचं काम थांबवलं. पण एक बाग थांबली म्हणजे काय झालं? पिंपळगावपर्यंत शेकडो बागा पसरलेल्या. सोमवारी तृप्ती दिवसभर टोळ्यांमधून हिंडली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा रडवेली झाली होती. कुणी ऐकूनच घेत नव्हतं. शिकलेली बाई दारू सोडायला सांगते यात नवीन ते काय? निवडणुकीआधी एक येते, शाळेतली एक येते. एक म्हातारा तर म्हणाला, पोरी, तुझ्या वयाची माझी नात हाय, ती बी हेच सांगती.

मंगळवारी उज्वलाताई कोर्टात उभ्या राहिल्या. माझा अहवाल चूक आहे, असं त्या म्हणाल्या. सरकारी वकिलांनी त्यांना सुचवून पाहिलं की ‘नवीन माहिती पुढे आली’ असं म्हटलं तरी चालेल, एवढ्या वर्षांचं नाव आहे. माहिती जुनीच होती, मी विचारली नाही, असं त्यांनी लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी जामिनावर चांगुणा बाहेर आली. खटला पुढे मिटायचा तो मिटला.

तुरुंगाच्या दारात उज्वलाताई आणि तृप्ती जीप घेऊन उभ्या होत्या. चांगुणा पन्नाशीची, वाळकी, ताठ. तिनं आधी डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकून घेतलं. तुमच्या दारूत काही नव्हतं, हे ऐकलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. वर्षभर जेलात तिनं एकच गोष्ट पुन्हापुन्हा केली होती. मोहाची फुलं वेचण्यापासून पेला भरेपर्यंत आपलं काय चुकलं ते आठवून बघणं.

“मग मला आत कोनी घातलं?” तिनं विचारलं.

“मी,” उज्वलाताई म्हणाल्या. “माझ्या कागदानं.”

चांगुणानं त्यांना शिव्या दिल्या नाहीत. माफही केलं नाही. तिनं फक्त विचारलं, हे बागांमधल्या माणसांना सांगितलं का. सांगितलं, पण ऐकत नाहीत, असं तृप्ती म्हणाली. चांगुणा उठली आणि कुणी म्हणायच्या आत जीपमध्ये जाऊन बसली. घरी सोडतो म्हटलं तर मान हलवली.

त्या दुपारी आणि पुढचे चार दिवस ती टोळ्याटोळ्यांतून फिरली. ती प्रवचन करत नसे. खोपटांपुढं उभी राहून म्हणे, मी हिरामणची बहीन. माझ्या दारूत खोट नव्हती, ती तुमी बी प्याले हाय. पेस्टचे हात असतील तवर कुनाची बी पिऊ नका, माझी बी नाय. खोकल्याची बाटली बी नाय. दारूबद्दल दारूवालीच बोलतेय म्हटल्यावर माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. ज्या म्हाताऱ्यानं तृप्तीला नातीची गोष्ट सांगितली होती, त्यानं कोपऱ्यातलं मडकं झाकून टाकलं.

शेवटच्या टोळीत एका बाईनं विचारलं, पेस्ट संपल्यावर किती दिस थांबायचं? चांगुणानं वळून उज्वलाताईंकडं पाहिलं.

उज्वलाताई उत्तराला सरसावल्या आणि थांबल्या. पुस्तकात जे होतं ते कारखान्यांबद्दल होतं. दिवसभर उघड्या हातानं स्पंज पिळणाऱ्या माणसाबद्दल कुणीच काही लिहिलं नव्हतं.

“मला नक्की माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “सध्या आठ दिवस धरा.”

“माहीत नाय तं इचार,” चांगुणा म्हणाली. “ही समदी बसल्यात. पन या बारीला नीट इचार.”

उज्वलाताई त्या बायकांच्या मधे मांडी घालून बसल्या. तृप्तीनं पिशवीतून कोरे कागद काढले.